विसावर एक

नवापूरच्या समाजमंदिरात कागदांच्या आठ थप्प्या, पत्ते लिहिलेली चारशे बारा पाकिटे, दोन स्टेपलर (पैकी एक रुसलेला), एक ताणकाटा आणि सहा बायका होत्या. बायका सोडून बाकी सगळ्याची वत्सलाने वहीत नोंद केली. तारीख ३१ डिसेंबर १९८५, वेळ सकाळचे साडेआठ.

अंक कमलाकांत सरांचा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जीवांवरचे त्यांचे इंग्रजी त्रैमासिक एकतीस देशांत जाई. पालघरच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सरांनी ते घरातूनच चालवले. तीन वर्षे अंक उशिरा निघाले, म्हणून शास्त्रीय नियतकालिकांची आंतरराष्ट्रीय सूची काढणाऱ्यांनी पत्र पाठवले होते: वर्षाचा शेवटचा अंक एकतीस डिसेंबरच्या आत यादीतल्या प्रत्येक वर्गणीदाराला पोस्टाने जावा, पावती पाठवावी, नाहीतर नाव काढले जाईल. नाव गेले की लेखही येणार नव्हते. आणि नेमके आत्ता सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईत.

"वत्सला, एकही राहता कामा नये," ते जाताना म्हणाले होते. ती "हो" म्हणाली होती. गेल्याच वर्षी बीएस्सी झालेली मुलगी एवढेच म्हणू शकते.

अंक जुळवायला सरांच्या दोन खोल्या पुरत नसत, म्हणून हे समाजमंदिर. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले सरांना आणून देणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बायकाच जुळणीला येत. आठ थप्प्यांच्या रांगेतून चालत एकेक फॉर्म, म्हणजे छापील पानांचा ताव, उचलायचा, दुमडायचा, शेवटी टाचायचा. हिरामावशी पुढे, जमना मागे, मध्ये बाकीच्या, आणि गप्पा सगळ्यांत पुढे.

"ह्या अंकात माझी गोगलगाय हाय ना?" हिरामावशीने विचारले.

"पान एकोणीस. पण नाव तुमचं नाही, तिचं छापलंय."

"तिचं तं तिचं. नवरा शोधायला बरं."

एकेक गठ्ठा सुतळीने बांधला जात होता. वीस-वीसचे गठ्ठे करा, असे वत्सलाने सांगितले होते. पहिला गठ्ठा तिने ताणकाट्याला लावला. एक प्रत एकशे पंधरा ग्रॅम, म्हणजे वीस प्रती दोन किलो तीनशे. काटा दोन किलो चारशेच्या जरा पुढे थांबला. तिने वहीत लिहिले, "दमट हवा?" आणि पुढच्या कामाला लागली.

साडेअकराला पाचव्या फॉर्मची थप्पी संपली. वत्सलाने गठ्ठे मोजले. वीस. पुन्हा मोजले. वीसच.

चारशे प्रती. बारा कमी.

एवढ्यात सालवडचा शिवाजी टेम्पो घेऊन आला. कारखान्यातली रात्रपाळी करून तो पाकिटांवर पत्ते लिहायचा; त्याच्याइतके सुबक इंग्रजी अक्षर पालघरमध्ये कुणाचे नव्हते.

"पाचवा फॉर्म अजून बारा हवा," ती म्हणाली. "आत्मारामकाकांच्या प्रेसवर..."

"मी तिथूनच येतोय, ताई. पाचव्याचे पुष्कळ कागद शाईने बाद झाले म्हणत होते. आणि आपल्या पानांचे शिशाचे खिळे कधीच सुटे केले, पुन्हा छापता यायचं नाही. त्याच खिळ्यांनी आता कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवताहेत."

पोस्ट तीनला बंद होणार. वत्सला पाकिटे घेऊन खाली बसली आणि कोणाला गाळायचे ते पाहू लागली. नॉर्वेचे प्राध्यापक? ते दर वेळी लिहीत, तुमच्या अंकाला समुद्राचा वास येतो, वर्गणी त्यासाठीच भरतो. मादागास्करची शाळा? त्यांचा पहिलाच अंक. तीन पाकिटे बाजूला काढली, त्यातली दोन परत ठेवली.

"काय झालं गो? तोंड सुकल्या बोंबलासारखं," हिरामावशी म्हणाली.

"बारा कमी पडतात, मावशी. वीस गठ्ठे, वीस-वीसचे. चारशेच झाले."

हिरामावशीने जमनाकडे पाहिले. जमना तोंडाला पदर लावून हसू लागली.

"विसाचा वाटा म्हंजे एकवीस ना!" हिरामावशी म्हणाली. " वरचा एक नाय घातला तं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आपल्या पाटीकडं बघल तरी?"

"पण हे मासे नाहीत!"

"मासे नाय, पण हात आमचे हायत. नवापूरचा वाटा कमी भरला असं परदेशात कोण बोलायला नको."

"सगळ्या गठ्ठ्यांत?"

"सगळ्या. शिकलेली हायस, मोजून बघ."

वत्सलाने एक गठ्ठा सोडला. एकवीस. दुसरा सोडला. एकवीस. मग तिने वही उघडून "दमट हवा?" वर काट मारली, आणि बायकांच्या हसण्यात आपलेही हसू मिसळून दिले.

"आता हसत बसू नका," शिवाजी ओरडला. "पाकिटं भरा, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय!"

आठ जणांचे सोळा हात लागले. जमना प्रत सरकवी, वत्सला यादीवर खूण करी, हिरामावशी डिंक लावी आणि प्रत्येक देशाचे नाव विचारी. वाटेत बेटेगावच्या रेल्वे फाटकाशी मालगाडीने सात मिनिटे खाल्ली.

बोईसर पोस्ट, दुपारी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटे. पाकिटे चारशे बारा. एकूण वजन एकावन्न किलो शंभर ग्रॅम. शिल्लक प्रती आठ.