भेटायला येणाऱ्यांसाठी खोली

चारुदत्तची नोकरी गेल्याचं कळलं तेव्हा निशिगंधा सिंगापुरात टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये भेंडी चिरत होती. मैत्रेयीनं फोन ठेवला आणि सांगितलं, "आई, काकाला बँकेनं काढलं. होल डिपार्टमेंट गॉन." निशिगंधा "अरेरे" म्हणाली. तोंडानं म्हणाली. आतून तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं भाजी पुन्हा वाढून घेतली. खोटं कशाला सांगायचं?

चारुदत्त तिचा धाकटा दीर. बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, राहायला स्विमिंग पूलवाला कॉन्डो, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कायम पहिल्या रांगेत. थोरल्या भावाला, म्हणजे निशिगंधाच्या नवऱ्याला, पुण्याहून सिंगापूरला त्यानंच आणलं होतं आणि ही गोष्ट तो चारचौघांत वर्षातून निदान एकदा तरी आठवणीनं सांगायचा. रवींद्र बिचारा मान हलवून हसायचा. धाकट्याच्या उपकाराखाली थोरला असा वाकला होता की त्याला ताठ उभं राहायची सवयच उरली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी रवींद्रला आतड्याचा कॅन्सर निघाला, तातडीनं ऑपरेशन ठरलं. निशिगंधा पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. कागद वाचून समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही, हा तिचा स्वभाव. सरकारी हॉस्पिटलात वॉर्डांचे वर्ग असतात, ए क्लासपासून सी क्लासपर्यंत, एवढं तिला ऐकून माहीत होतं. हा फरक नेमका कशाचा, आपला मेडिशील्डचा विमा कुठल्या वर्गाला पुरतो, हे काउंटरवर नीट विचारून घेऊ, असं ती म्हणत होती. पण ती बॅग घेऊन हॉस्पिटलात पोहोचायच्या आत चारुदत्तनं सगळं उरकलं होतं.

"वहिनी, तुम्ही कशात पडू नका. मी बघतो," तो म्हणाला. "ए क्लास घेतलाय. सिंगल रूम, एसी, सोफा."

"पण भाऊजी, एकदा विचारून तरी—"

"काय विचारायचंय? माझा दादा काय सी क्लासमध्ये पंख्याखाली झोपणार? आठ माणसांच्या वॉर्डात? उद्या माझ्या बँकेतले लोक भेटायला येतील, मंडळातले येतील, त्यांना मी उभं कुठं करू?"

आपल्या लोकांत आजाऱ्याला भेटायला जाणं हे एक कार्यच असतं. कुणी मऊ भाताचा डबा आणतं, कुणी देवाचा अंगारा, कुणी सल्ला. रवींद्रच्या खोलीतला सोफा त्या काळात एक क्षणही रिकामा राहिला नाही. येणारा प्रत्येक जण खिडकीबाहेरचं दृश्य बघून "वा, छान रूम आहे हो" म्हणायचा आणि चारुदत्त "मग! दादासाठी एवढंही नाही करायचं?" म्हणायचा. ती खोली आजाऱ्यासाठी घेतलीच नव्हती. ती भेटायला येणाऱ्यांसाठी घेतली होती, आणि तिचा भार मात्र आजाऱ्यावर पडणार होता.

मेडिशील्ड हा सरकारी विमा सी क्लासच्या बिलाच्या मापानं शिवलेला. ए क्लासच्या बिलावर तो पांघरला तर पाय उघडे पडतात. त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. ए क्लास म्हणजे खासगी पेशंट, आणि ज्यानं खासगी म्हणून नाव घातलं, त्याचं नंतरचं सगळंच खासगी. तपासण्या खासगी, केमो खासगी, डॉक्टरांशी बोलायचं तरी खासगी दरानं. मेडिसेव्ह, म्हणजे पगारातून आजारपणासाठी बाजूला पडणारी शिल्लक, बघता बघता आटली. तोवर चारुदत्तला कामं निघाली होती. हाँगकाँग, लंडन, मीटिंगा. त्याचा फोन लागायचा तो त्याच्या बायकोकडे, स्मिताकडे, आणि स्मिता म्हणायची, "वहिनी, ते आल्यावर सांगते हं."

खर्च बघून रवींद्रनं केमो मधेच सोडून दिली. बायकोला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले आता गरज नाही." लिटिल इंडियात जाऊन तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आला, हसून बोलला. ती फसली. खरं काय ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याच्या जाण्यानंतर एकदा ती हॉस्पिटलचा उरलेला हिशेब मिटवायला गेली असताना तिथल्या मेडिकल सोशल वर्करनं, एका शांत चिनी बाईनं, तिला सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी माझ्याकडे का नाही आलात? वर्ग खाली बदलून घेता आला असता. डॉक्टर तेच, औषधं तीच. मदतीचे रस्ते होते की." तिला रडू आलं नाही. राग आला. असा राग, की तो घेऊन माणूस वर्षानुवर्षं जगू शकतं.

आणि ती जगली. पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे वस्तीतल्या सरकारी दवाखान्यातून, सरकारी हॉस्पिटलात चिठ्ठी घेऊन गेलं की सवलत कशी मिळते, नवऱ्याच्या दुखण्याला बायकोचं मेडिसेव्ह कसं चालतं, सगळं संपल्यावरही नागरिकाला मदतीसाठी कुणाचं दार वाजवायचं, हे तिनं चिवटपणे विचारून विचारून शिकून घेतलं. मंडळातल्या बायका हळूहळू तिलाच फोन करू लागल्या. साधना म्हणायची, "निशिगंधा, तू तर चालतं बोलतं काउंटर झालीस गं." निशिगंधा हसायची. तिला हवं होतं ते एकच. चारुदत्तनं चारचौघांत, त्याच पहिल्या रांगेतल्या लोकांसमोर, म्हणावं, "चुकलं माझं. दादाला मी त्या खोलीत घातलं." एवढं एक वाक्य. ते मिळेपर्यंत तिचा जीव थंड होणार नव्हता.

नोकरी गेली त्यानंतर काही आठवड्यांतच चारुदत्तच्या छातीत दुखू लागलं. जिना चढला की दम, चार पावलं भरभर चालला की कळ. बायपास करावी लागणार, असं एका खासगी डॉक्टरनं सांगितलं. बँकेचा विमा बँकेबरोबर गेला होता. आणि मेडिशील्ड? तेव्हा ते सक्तीचं नव्हतं, आणि त्यानं ते केव्हाच अर्ज देऊन बंद केलं होतं. "ती गरिबांची छत्री आहे," हे त्याचं वाक्य निशिगंधानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

स्मिताचा फोन आला. रडत होती. "वहिनी, तुमच्याशिवाय कुणाला सांगू? हे म्हणतात प्रायव्हेटमध्येच करायचं, कॉन्डो विकू. मला काही सुचत नाही."

एखादी चांगली बाई अशा वेळी विरघळली असती. निशिगंधाही चांगलीच बाई होती, पण त्या घटकेला तिच्या डोक्यात जे लख्ख उजाडलं त्याला चांगुलपणा म्हणता येणार नाही. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "स्मिता, त्यांना म्हणावं, खासगी डॉक्टरकडे पुन्हा पाऊल टाकू नका. उद्या सकाळी मी येते. आपण पॉलिक्लिनिकमध्ये जाऊ."

तिनं सगळं चोख केलं. रांगेत त्याच्याबरोबर बसली, चिठ्ठी घेतली, सरकारी हॉस्पिटलात तारीख मिळवली, स्मिताचं मेडिसेव्ह जोडून घेतलं, त्या शांत चिनी बाईशी गाठ घालून दिली. वर्ग कुठला, असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा चारुदत्तनं तोंड उघडलं, पण निशिगंधा त्याच्या आधी बोलली. "सी."

"वहिनी, निदान बी-वन—"

"भाऊजी, तुम्ही कशात पडू नका. मी बघते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला ते वाक्य ओळखीचं वाटलं की नाही, देव जाणे.

ऑपरेशन नीट पार पडलं. चारुदत्तनं बायकोला बजावून ठेवलं होतं की लोकांना सांगायचं, मी कामासाठी मुंबईला गेलोय. स्मितानं तसंच सांगितलं. आणि निशिगंधानं तो सावरून उशीला टेकून बसू लागेपर्यंत धीर धरला, मग ती साधनाला फोन करून म्हणाली, "अगं, आमच्या भाऊजींची बायपास झाली. कळवलं नाही म्हणून रागावू नकोस. भेटायची वेळ दुपारची आहे. सगळ्यांना सांग हं, त्यांना माणसांची फार आवड."

निशिगंधा हॉस्पिटलला निघाली तेव्हा मैत्रेयीनं विचारलं, "आई, काकाला नको होतं ना कुणी यायला? यू डोन्ट बी लाइक दॅट लाह."

"तू अभ्यास कर," निशिगंधा म्हणाली.

वॉर्ड स्वच्छ होता. ओळीनं खाटा, वर गरगरणारे पंखे, शेजारच्या खाटेवर एक म्हातारा चिनी अंकल संत्रं सोलत बसलेला. साधना आणि तिचा नवरा विवेक डबा घेऊन आले, मागून प्रकाश आला, चारुदत्तच्या जुन्या बँकेतला. ते दारात दिसले तसा चारुदत्तचा चेहरा पडला. अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा, दाढी वाढलेली. निशिगंधा खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हे सगळं डोळे भरून बघत होती. तिला गोड वाटत होतं. तीन वर्षांत एवढं गोड काही वाटलं नव्हतं.

पण चारुदत्त म्हणजे चारुदत्त. त्यानं एकदा घसा खाकरला, झगा नीट केला आणि हसला.

"या, या. बघता काय? मुद्दाम सी क्लास घेतला मी. तोच सर्जन, तीच औषधं, वारा तर एसीपेक्षा बरा. प्रकाश, तू पण लक्षात ठेव. उगाच सिंगल रूमचा थाट करायचा मूर्खपणा शहाण्या माणसानं करू नये."

"खरंय," विवेक म्हणाला. "याला म्हणतात व्यवहार."

निशिगंधाची कानशिलं तापली. तिनं एवढ्या कष्टानं रचलेली त्याची फजिती त्यानं तिच्या देखत शाबासकीत बदलून खिशात घातली होती. आणि मूर्खपणा म्हणाला तो. ज्या मूर्खपणात तिचा नवरा गेला, तो शब्द इतक्या सहज, पाहुण्यांना हसवायला.

"मग हे रवींद्रला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, तरी अंकलचा संत्रं सोलणारा हात थांबला.

"वहिनी, आता तो विषय कशाला? ते दादानंच ठरवलं होतं. मी म्हटलं त्याला, बघ बाबा, तुला झेपेल का."

असं उघडं खोटं निशिगंधा धरूनच चालली नव्हती. त्याला लाज वाटेल, तो चिडेल, तोंड फिरवेल, सगळं तिनं मनात रंगवलं होतं. रवींद्र गेला होता आणि चारुदत्त त्याच्या तोंडी हवे ते शब्द घालत होता. त्याला खोडून काढायला कोण येणार?

"नाही," स्मिता म्हणाली.

ती स्टुलावर पाण्याची बाटली धरून बसली होती. घरात कधी जिचा आवाज ऐकू येत नसे ती ही बाई. "दादा काही बोलले नव्हते. ते ऑपरेशनआधी दुखण्याच्या इंजेक्शननं गुंगीत होते. तुम्ही म्हणालात, माझ्या बँकेतले लोक येतील, त्यांना उभं कुठं करू. मी तिथंच होते. आणि नंतर वहिनी फोन करायच्या तेव्हा तुम्ही घरातच असायचात. लंडनला नसायचात. मला सांगायला लावायचात."

"स्मिता!"

"मी खोटं बोलले, वहिनी," स्मिता म्हणाली आणि ओंजळीत तोंड लपवलं.

प्रकाशनं आपल्या बुटांकडे पाहिलं. साधनानं डबा हळूच कपाटावर ठेवला, विवेकच्या कोपराला हात लावला, आणि सगळे "आराम करा" असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. दारापाशी साधनानं मागं वळून फक्त निशिगंधाकडे पाहिलं. उद्यापर्यंत हे सगळ्या सिंगापूरभर होणार होतं. स्मिता तोंड धुवायला उठली.

"झालं समाधान?" चारुदत्त म्हणाला. पांढराफटक पडला होता.

"नाही."

"मग काय हवंय तुम्हाला? आजपासून येऊ नका इथं. माझं मी बघेन."

"काय बघाल?" निशिगंधा म्हणाली. "पुढच्या तपासण्या कुठं, गोळ्या सवलतीत कुठून घ्यायच्या, काय माहीत आहे तुम्हाला? मी येणार. रोज येणार. तुमची एक गोळी चुकू देणार नाही. त्यांनी केमो सोडली तसं तुम्हाला मधेच काही सोडू देणार नाही. तुम्हाला चांगलं म्हातारं होईपर्यंत जगवणार आहे मी, भाऊजी. आणि रोज मला बघितलं की तुम्हाला ती खोली आठवणार आहे."

चारुदत्तनं तिच्याकडे पाहिलं. आता त्याच्या चेहऱ्यावर काहीच थाट उरला नव्हता. "वहिनी, मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं हो. वर्ग, सवलत, काही माहीत नव्हतं."

हेच ते वाक्य होतं का? जवळपास. पण ऐकायला चारचौघं उरले नव्हते, आणि निशिगंधाला उमगलं की ते असते तरी आत पेटलेलं विझलं नसतं.

"मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण मी विचारणार होते. तुम्ही विचारू दिलं नाहीत."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. छातीवर टाके होते, हुंदका आला की कळ उठत होती, तो दोन्ही हातांनी उशी छातीशी आवळून रडत होता. निशिगंधानं साधनाचा डबा उघडला. मऊ भात होता, वर मेतकूट. तिनं चमचा भरला आणि त्याच्या तोंडापाशी नेला.

"आ करा," ती म्हणाली.

त्यानं मान फिरवली. ती हात तसाच धरून उभी राहिली. शेवटी त्यानं तोंड उघडलं. तिनं त्याचे डोळे पुसले नाहीत. डबा संपेपर्यंत भरवत राहिली.