थेट्यांचा रिकामा कप्पा

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. कमरेपेक्षा उंच आहे आणि अंगभर लहान लहान कप्पे आहेत. माझा मुक्काम बेलापूरला, वंशवृत्त मंडळाच्या खोलीत. नाक जवळ आणलेत तर माझ्या लाकडाला अजून सुंठीचा आणि हिरड्याचा वास येईल. घराण्यांचे कागद सांभाळणाऱ्या पेटीला हा वास कसा, असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, घाईत असाल तर नंतर या, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही.

मला सहादेव सुताराने घडवले ते नृसिंहशास्त्री वैद्यांसाठी. प्रत्येक मुळीला स्वतःचे घर हवे, असे शास्त्रीबुवा म्हणत, म्हणून इतके कप्पे. सहादेव मोठा चोखंदळ. कप्पा एका बोटाने ओढला तर बाहेर यावा आणि एका बोटाने आत जावा, हा त्याचा हट्ट. मग वर्षानुवर्षे पोट धरून आलेली माणसे माझ्यासमोरून ताठ होऊन गेली. शास्त्रीबुवांचा हातगुण होताच, पण थोडे श्रेय मी स्वतःकडे ठेवते. तेव्हा गाव मला औषधपेटी म्हणत असे.

शास्त्रीबुवा गेले आणि माझे दिवस फिरले. श्रीरामपुराहून गोळ्या आणि बाटल्या येऊ लागल्या. माझी रवानगी गोठ्यात झाली. ज्येष्ठमधाच्या कप्प्यात एक कोंबडी अंड्यांवर बसू लागली. तिचे माझे भांडण नव्हते. निदान कुणी तरी ऊब देत होते. पण डावीकडचा खालचा कप्पा ओल लागून फुगला, तो अजून अडकतो. सहादेवाला त्याचा दोष देऊ नका.

शास्त्रीबुवांचे चिरंजीव शामकांत गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा माझी सुटका झाली. गुरुजींना आपल्या घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ. त्यांचे मित्र आप्पासाहेब बागायतदार, त्यांची गाडी मात्र पणजोबांपाशीच अडायची. गुरुजींनी त्यांना इतके चिडवले, की त्या चिडीतूनच मंडळ निघाले. दोघे सायकलवरून, कधी बैलगाडीतून गावोगाव हिंडले. म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसून त्यांनी नावे लिहून घेतली. मला घासूनपुसून, तेल लावून खोलीत आणले आणि एकेका कप्प्यावर एकेका घराण्याची चिठ्ठी डकवली. औषधपेटीची मी मंडळाची पेटी झाले. नाव बदलले की आपण कोण हे थोडे दिवस आपल्यालाच कळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

राहात्याहून, शिर्डीहून माणसे येऊ लागली. कुणाला वारसनोंदीसाठी आजोबांचे नाव हवे असायचे, कुणाला सोयरीक जमवण्याआधी कूळ पाहायचे असायचे. वाटणीत तुटलेले चुलतभाऊ माझ्यासमोर एका वंशावळीवर बोट ठेवून एकमेकांच्या मुलांची नावे विचारताना मी पाहिले आहेत. मंडळाचा नियम सोपा होता. ज्याचे घर, त्याच्या कप्प्यात त्याची चिठ्ठी. आणि बाई दिल्या घरची, म्हणून तिची चिठ्ठी सासरच्या कप्प्यात.

एकच कप्पा रिकामा होता. त्यावर लिहिले होते, 'थेटे'. प्रवरेकाठच्या एका वस्तीवरचे हे घर जुन्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत आटोपले होते. पुरुष कुणी उरला नाही, म्हणून आत ठेवायला काही नव्हते. तरी गुरुजींनी नाव काढले नव्हते. ते दर वेळी म्हणत, "असू दे. घर होतं ना कधीतरी."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, आषाढात, राहात्याच्या रतनबाई आल्या. साठी ओलांडलेली बाई, डोईवरचा पदर सारखा सावरत होती.

"गुर्जी, मी थेट्याची लेक. माझी भैन हाय, बनू. हाय का न्हाई, तेबी ठावं न्हाई."

गुरुजींनी त्यांना बसवले. त्यांनी सांगितले ते असे. त्या नवव्या वर्षी सासरी गेल्या. पाठोपाठ साथीत आईबाप गेले. पाच वर्षांच्या धाकटीला मामाने आपल्या गावी, निजामाच्या मोगलाईत नेले. मग मामाही वारला आणि माग तुटला.

"दिवाळीनंतर नातीचं लगीन हाय," रतनबाई म्हणाल्या. "माझ्या येकाबी लेकीच्या मांडवात माझ्या माहेरचं कुनी आलं न्हाई. चोळीचा खन घिऊन उबं ऱ्हायला येक मानूस न्हाई मला. आता ह्यो शेवटचा मांडव."

गुरुजींनी थेट्यांचा कप्पा ओढून दाखवला. आत काहीच नव्हते. रतनबाईंनी त्या रिकाम्या कप्प्यात हात घालून तळ चाचपून पाहिला. गुरुजींनी चिठ्ठी लिहिली, 'राहात्याच्या रतनबाई, माहेर थेटे, बहीण बनू हिचा शोध,' आणि नियमाप्रमाणे ती त्यांच्या सासरच्या कप्प्यात ठेवली. त्या म्हणाल्या, "बाजाराला येते, तवा इचारून जाईन." आणि खरोखर दर बाजाराला त्या विचारून जात.

मित्रांनो, आता पुढचे ऐका. श्रावणात गुरुजी परगावी गेले होते आणि खुर्चीवर आप्पासाहेब होते. तेव्हा बेलापुरातल्याच लंकाबाई आल्या. त्यांचे यजमान फार वर्षांपूर्वी मोगलाईतून इकडे साखर कारखान्याच्या कामाला आले होते.

"आप्पासाएब, माझं म्हायेर थेट्याचं. माझी थोरली भैन हुती, छबू. तिचा काय पत्त्या लागंल का?"

आप्पासाहेबांनीही तो कप्पा ओढला आणि रिकामा पाहून हळहळले. त्यांनीही चिठ्ठी लिहिली आणि नियमाप्रमाणे लंकाबाईंच्या सासरच्या कप्प्यात ठेवली. रतनबाईंचे त्यांना ठाऊक नव्हते, आणि गुरुजी परतल्यावर लंकाबाईंचे सांगायचे राहून गेले.

तुमच्या लक्षात आलेच असेल. छबूचे सासरी रतन झाले होते आणि बनूची लंका. लग्नात सुनेचे नाव बदलायचे, ही आपली जुनी रीत. दोघी एकमेकींना शोधत होत्या. दोघींच्या चिठ्ठ्या माझ्याच पोटात, एकीच्या कप्प्याखाली दुसरीचा कप्पा. मी लाकूड, सांगणार कुणाला? श्रावणातल्या दमट हवेत मी अंग फुगवून ते दोन्ही कप्पे अडकवून पाहिले. म्हटले, गुरुजी वैतागून दोन्ही एकदम उपसतील. गुरुजींनी शांतपणे मेणबत्ती आणली आणि कडांना मेण घासले. माझा जीव नुसता तडफडत होता.

खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात. गुरुजी माझीही पूजा करत. त्यासाठी त्यांच्या मंडळी, अंबिकाकाकू, मला पुसायला आल्या. पुसता पुसता त्या थेट्यांच्या कप्प्यापाशी थांबल्या.

"अहो, हा रिकामाच?"

"घराणं संपलं गं ते."

"लेकी नव्हत्या?"

"होत्या. एक येते की दर बाजाराला. पण लेकी दिल्या घरच्या."

काकूंनी फडके खाली ठेवले. "मग मी कुठल्या कप्प्यात आहे?"

"आपल्या. दुसऱ्या कुठल्या असणार?"

"त्यात अंबिका आहे. माहेरची शोभा कुठे ठेवलीत? तुमच्या वंशावळीत मी तुमच्याच घरात आभाळातून पडल्यासारखी दिसते."

गुरुजी आधी हसले. "अगं, हे नियमात बसत नाही."

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा," काकू म्हणाल्या.

त्या दोघांनी खाली बैठक मारली. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. बायकांच्या जेवढ्या चिठ्ठ्या होत्या, त्या बाहेर निघाल्या. प्रत्येकीची नक्कल करून ती माहेरच्या कप्प्यात जाऊ लागली. थेट्यांच्या कप्प्यात आधी रतनबाई गेल्या. बऱ्याच वेळाने लंकाबाईंची चिठ्ठी गुरुजींच्या हाती आली. ती आत ठेवता ठेवता त्यांनी पहिली पुन्हा बाहेर काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. मग चष्मा काढून ते बराच वेळ डोळे पुसत राहिले.

बाजाराच्या दिवशी रतनबाई नेहमीसारख्या दारात आल्या. काकूंनी लंकाबाईंना आधीच आणून बसवले होते. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. ओळख पटायला चेहऱ्यात काही उरलेच नव्हते.

"बने?" रतनबाई म्हणाल्या.

त्या नावाने लंकाबाईंना मामा गेल्यापासून कुणी हाक मारली नव्हती. पण त्या जवळ गेल्या नाहीत. खाली बघत म्हणाल्या, "तू सासरी निगालीस, तवा मी गाडीमागं पळत आल्ते. रडत. तू खाली उतरली न्हाईस."

"उतरू दिलं न्हाई गं मला," रतनबाई म्हणाल्या. "हात धरून ठिवला हुता माझा. वस्ती दिसंनाशी व्हईस्तवर मी तुलाच बघत हुते. तुजा येक पाय अनवानी हुता."

लंकाबाईंनी मान वर केली. "व्हय. वहान ओढ्यात गेल्ती माजी." आणि मग त्या उठून बहिणीच्या गळ्यात पडल्या. गुरुजी आणि आप्पासाहेब उगाचच बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

लग्न राहात्याला झाले. मी कुठली जाणार? पण काकू जाऊन आल्या आणि माझ्यासमोर बसून त्यांनी सगळे सांगितले. माहेरच्या आहेराचा पुकारा झाला, तेव्हा लंकाबाई हिरवा खण घेऊन मांडवात उभ्या राहिल्या. रतनबाईंनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

पुढच्या वर्षी पाऊस फिरकला नाही आणि माणसे पोटामागे पांगली. जाण्यापूर्वी बाया माझ्याकडे येत आणि आपली दोन्ही नावे ठेवून जात. माहेरचे नाव सांगताना बहुतेकजणी लाजत, काही डोळ्यांना पदर लावत. काही वर्षांपूर्वीचाच तो दुष्काळ फार वाईट होता, पण त्या वर्षाइतकी मी कधी भरले नव्हते.

मित्रांनो, माझे कप्पे हलक्या हाताने ओढा, वाळवीपासून मला जपा आणि डावीकडच्या त्या कप्प्यावर जोर करू नका. आणखी एक करा. आज घरी गेल्यावर आजीपाशी बसा आणि तिला तिचे माहेरचे नाव विचारा. ती म्हणेल, आता कशाला ते. तरी विचारा, आणि ती सांगेल तेव्हा लिहून ठेवा.

रतनबाई आणि लंकाबाई आता दर बाजाराला माझ्याजवळच्या बाकावर बसून चहा पितात. थेट्यांच्या कप्प्यात त्या दोघींच्या चिठ्ठ्या आहेत. निघताना रतनबाई तो एकदा उघडतात, दोन्ही चिठ्ठ्या आहेत ना पाहतात आणि एका बोटाने बंद करतात.