सुखी रडली काय?

खेमसिंगने उभ्या उभ्याच पाणी संपवलं आणि रिकामा तांब्या सुखीबाईच्या हातात परत दिला. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता. एकवीस वर्षांनी भाऊ दारात उभा होता, आणि बहीण म्हणत होती,

"बसा."

तो खाटेवर बसला. मारेगावपासून दोन कोसांवरच्या या बंजारा तांड्याची रीत तो विसरला नव्हता. माहेरचं माणूस फार दिवसांनी भेटलं, की बाई त्याच्या गळ्यात पडते आणि सूर लावून रडते. रडता रडताच सगळं सांगून टाकते, कोण गेलं, कोण जन्मलं, कोणता बैल विकला. लढाईत सडक बांधायला म्हणून खेमसिंग ब्रह्मदेशात गेला आणि तिकडचाच झाला. रंगूनला भाताच्या गिरणीवर गाडी हाकताना त्याच्या कानात हे रडणं वाजायचं. आता तिकडच्या सरकारने परक्यांना घालवून दिलं होतं. जहाजातून उतरल्यावर आठ महिने छावणीत काढून तो इथे पोचला होता. आईबाप केव्हाच गेले होते. उरली होती ती ही एक बहीण, तांड्यातच दिलेली, आणि ती रडायचं नावच घेत नव्हती.

तासाभराने तांड्याचा नायक धरमसिंग आला. त्याने समोर बसून खेमसिंगला शेळी पारखावी तसं न्याहाळलं.

"खेमसिंग तिकडंच मेला असं आयकलं होतं आमी."

"मी खेमसिंगच आहो, नायक. मले घरापुरती जागा द्या."

"असशीन बाप्पा. पन मी कसा सांगू? गेला तवा तुले मिशीबी नोती." नायक आवाज खाली आणून म्हणाला, "सुखी रडली काय?"

खेमसिंगने नाही म्हणून मान हलवली.

"तिनं वळखलं, का तू आमचा. मंग जागेचं मी पाह्यतो."

तीन दिवस गेले. सुखीबाई गरम भाकर वाढायची, वर तेलाची धारही सोडायची, आणि दर वेळी म्हणायची, "घ्या." त्या परक्या शब्दाने तो अर्ध्या भाकरीवरच उठायचा. विचारावं तरी कसं? मागून घेतलेलं रडणं काय कामाचं!

चौथ्या दिवशी सकाळी त्याने गाठोडं बांधलं. राजूरच्या कोळशाच्या खाणीत माणसं लागत होती, आणि तिथे कोणी कोणाचा भाऊ असायची गरज नव्हती. वणीची मोटार थोड्या वेळात सडकेवर येणार होती. दारात थांबून त्याने सुखीबाईकडे पाहिलं आणि हात जोडले.

"पुन्हा जोडले!" ती एकदम ओरडली. "पयल्या दिवशीबी असेच जोडले. भाऊ बहिणीले हात जोडते काय? माहा भाऊ आला, का पयले डोक्यावर हात ठेवे. मले वाटलं, कोनी त्याचं नाव घेऊन आला."

खेमसिंग आपल्या हातांकडे पाहत राहिला. छावणीत तांदळासाठी हात जोडायचे, घोंगडीसाठी जोडायचे, कागदावरच्या शिक्क्यासाठी जोडायचे. आठ महिन्यांत हात इतके तयार झाले होते, की ते जोडले गेल्याचं त्याला कळतही नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने गाठोडं खाली ठेवलं. उजवा हात उचलला, पण तो मध्येच अडला. तेव्हा सुखीबाईच एक पाऊल पुढे आली आणि तिने मान वाकवली.

हात डोक्यावर टेकला. पदराखालचे केस पिकले होते.

"वीरा, माह्या भावा..." सुखीबाईने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. शेजारच्या बाया भाकरी तव्यावरच सोडून दारात आल्या. तांबडा बैल मेला, वीरा. बापू सडकेवर जाऊन बसे, वीरा. याडीनं तुह्या वाटचं दूध मरेपर्यंत झाकून ठेवलं, वीरा. आईचं नाव आलं तसे खेमसिंगचेही खांदे हलू लागले.

रडणं ऐकून धरमसिंगही आला. मग कडुलिंबापलीकडच्या मोकळ्या जागेत गेला आणि पावलांनी ती मोजू लागला.

सडकेवर वणीची मोटार थांबली आणि निघून गेली. सुखीबाई सांगता सांगता अजून चौथ्याच वर्षापर्यंत आली होती.