कोनाड्यातली रिठ्याची बरणी

मित्रांनो, मला उचलून बघू नका, मी निघणार नाही. मी एक जुनी बरणी आहे, चिनी मातीची, पोटाला गोल आणि गळ्याला तपकिरी. लातूरच्या गंज बाजारामागच्या एका घरात, मोरीवरच्या कोनाड्यात मी कायमची बसले आहे. कशी बसले ते सांगते, पण आधी माझे चांगले दिवस सांगू द्या. म्हाताऱ्या माणसाला तेवढी सवलत असते.

कुठल्या भट्टीत भाजले गेले ते मला ठाऊक नाही. वाळल्या गवतात गुंडाळून बार्शीच्या छोट्या आगगाडीने मी लातूरला आले. दुकानात नीलम्मांनी मला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि पदराखाली धरून घरी नेले. त्यांचे यजमान गुरुबसप्पा तेव्हा हयात होते. माझ्यातले कैरीचे लोणचे त्यांना फार आवडे. पाहुणे आले की नीलम्मा माझ्यावरचे फडके सोडत आणि मला वाटे, घराचा मान माझ्याच पोटात आहे.

मग एका उन्हाळ्यात पळीचा दांडा लागून माझ्या काठाचा टवका उडाला. टवका उडालेल्या बरणीत लोणचे घालत नाहीत, खार आत झिरपतो. नीलम्मांनी मला टाकले मात्र नाही. मोरीवरच्या कोनाड्यात ठेवून माझ्यात रिठ्याचे पाणी भरू लागल्या. पुढे भिंती लिंपायला आलेल्या बाईने मला खाली उतरवायचा कंटाळा केला आणि माझ्याभोवतीनेच शेणमातीचा जाड हात फिरवला. कोनाड्याचे तोंड अरुंद झाले, माझे पोट होते तेवढेच राहिले. तेव्हापासून पळीने पाणी काढायचे, पळीने भरायचे. मला दिसते ते एवढेच : मोरी, परसातले लिंबाचे झाड, आड आणि शेजारच्या मन्मथआप्पांची भिंत. घराचे पुढचे दार मी आजवर पाहिलेले नाही. ते मला फक्त ऐकू येते.

माझ्यातले पाणी साधे असे, पण नीलम्मा ते मन लावून करत. रिठे फोडून काळ्या बिया काढायच्या. साली आणि पिळून झालेल्या लिंबाच्या फोडी पाण्यात भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी चुलीवर उकळायच्या, निवल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळायच्या. वर मूठभर मीठ. तांब्या-पितळेला लावायचे तर थोडा चिंचेचा कोळ. या पाण्याने कळकट घागर सोन्यासारखी निघे. फक्त एक नियम होता आणि तो नीलम्मा प्रत्येकीला सांगत, "भांड्याला भायेरून हे पाणी, आतून नुस्ती चाळलेली राख. आत कल्हई असती. ती जपायची."

कल्हई म्हणजे पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा पांढरा हात. तो गेला की आंबट पदार्थ कळकतात आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळते.

आता निजामाच्या राज्याच्या अखेरच्या पावसाळ्याकडे येते. गुरुबसप्पा वारले होते. त्यांचा मुलगा वीरभद्र सरहद्दीपलीकडे, सोलापूरकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. घरात राहिल्या सासू आणि सून. सून रत्नम्मा, रेणापूरची, पहिलटकरीण. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला माहेरी न्यायचे ठरलेही होते. पण गावात रझाकारांच्या कवायती सुरू झाल्या, रस्त्यावरच्या एकेक गोष्टी कानावर येऊ लागल्या आणि नीलम्मांनी दाराला अडसर घातला. पाणी आडाचे, दाणे कणगीतले. भाजी मन्मथआप्पा भिंतीवरून देत. दार उघडायचे कारणच उरले नाही.

"आत्याबाई, मी कवा जाऊ?"

"जाशील की. जरा निवळू दे."

"निवळंस्तोवर पोरगं चालाया लागंल."

"लागू दे. चालत जाईल मग तुझ्या आईकडं."

रत्नम्मा हसली, पण तिचे हसू लवकर विरले. मला त्या मुलीचे मन कळत होते. कोंडलेले असणे मला कुणी शिकवायला नको. फरक एवढाच, की मला कुठे जायचे नव्हते. तिला जायचे होते. आईजवळ, आणि तेही बाळ यायच्या आत.

मग ती घासू लागली. आधी घागरी, मग तांबे, समया, पराती. मोरीत बसून ती माझ्यातली पळी भरून घेई आणि नारळाच्या शेंडीने कराकरा घासत राही. भांडे लख्ख झाले तरी थांबत नसे. मन्मथआप्पा भिंतीपलीकडे उखळावर चढून डोकावत.

"सूनबाई, किती घासून राहिलीस ग? आमच्या घरात उजेड येऊन राहिलाय."

"मग कंदिलाचं तेल वाचलं की तुमचं, आप्पा."

बाहेरची बाजू घासायची उरली नाही, तेव्हा ती आत वळली. नियम तिला माहीत नव्हता असे नाही. पण हाताला थांबायचे नव्हते. पातेली, तपेली, आमटीचा मोठा गंज, सगळ्यांना तिने आतून माझे आंबट पाणी लावले. तळाची पांढरी कल्हई हळूहळू जाऊन खालचे पिवळे पितळ चमकू लागले. मी वरून बघत होते. बरणीला तोंड असते, पण बोलता येत नाही.

एक दिवस उरलेली चिंचेची आमटी रत्नम्मा जेवली आणि मोरीत येऊन ओकली. पुन्हा ओकली. मग भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. नीलम्मांनी आमटी बोटाने चाखली, थुंकली आणि गंज उजेडात धरला.

"काय केलंस हे?"

"घासलं."

"आतून?"

नीलम्मांनी एकेक भांडे उपडे-सुलटे करून पाहिले. सगळी पिवळी. त्या रागावतील असे मला वाटले होते. पण त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

कल्हईवाले दस्तगीरचाचा गल्लीत आले आहेत, असे मन्मथआप्पांनीच सांगितले. नीलम्मा दार उघडेनात. शेवटी भांडी भिंतीवरून गेली. पलीकडच्या परसात भाता फुसफुसू लागला, नवसागराचा धूर भिंतीवरून इकडे आला आणि थोड्या वेळाने चाचांचा आवाज.

"अम्मा, ये घासले का खरवडले?"

"सून हाय. तिनं घासली."

"बाहेर को सोडत न्हाई काय तिला?"

नीलम्मा आडावर पाणी शेंदायला लागल्या. रत्नम्मा मात्र उठली, भिंतीजवळ गेली आणि भिंतीशीच बोलली.

"चाचा, रेणापूरला जाता का?"

"जातो की, बेटी. बाजार को जातो."

"देवळामागं संगप्पाचं घर हाय. माझ्या आईला सांगा, रत्नाला येता येत न्हाई. तिलाच ये म्हणावं."

"सांगतो."

भांडी पांढरीशुभ्र होऊन परत आली. नीलम्मा सुनेवर चिडल्या होत्या. "वळख ना पाळख, घरचं सगळं सांगून मोकळी. तो सांगल व्हय? अन् सांगितलं तर असल्या दिवसांत कोण बाई घराभायेर पडंल?"

"माझी आई पडंल," रत्नम्मा म्हणाली.

त्यानंतर तिने भांड्यांना हात लावला नाही. दारावर काही वाजले की उठून उभी राही. कधी वारा असे, कधी शेळी. एकदा नुसतीच कुणीतरी काठी आपटत निघून गेले आणि दोघी बायका श्वास धरून बसल्या. मीही. बाळाचे दिवस जवळ येत होते आणि रत्नम्मा आता आईचे नावही काढेनाशी झाली.

मग एका दुपारी थाप पडली. नीलम्मांनी आतूनच विचारले, "कोण हाय?"

"रेणापूरची गुणा. ईनबाई, भिजून राहिले मी."

पावसाने फुगलेला अडसर एकटीला निघेना. "धर ग," नीलम्मा म्हणाल्या. तो निघतानाचा आवाज मी इतक्या दिवसांनी ऐकला. मग फक्त नाक ओढल्याचे ऐकू येत होते. किती जणींचे ते मला सांगता येणार नाही.

"चल आई, आत्ताच निघू," रत्नम्मा म्हणाली.

गुणाबाई तिला मोरीवर पाय धुवायला घेऊन आल्या. लेकीच्या सुजलेल्या पावलावर त्यांनी अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"आता न्हाई, माय. गाडीच्या धक्क्यानं वाटंतच बाळंत व्हशील. मीच ऱ्हाते हितं."

रत्नम्मा रडली. तिला बाहेर जायचे होते, आणि ते शेवटी राहूनच गेले. हे मी लपवत नाही.

आणखी एक अडचण होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्न घ्यायचे नाही, अशी गुणाबाईंच्या घरची रीत. त्यांनी परसात तीन दगड मांडले, गाठोड्यातून आपले पीठ काढले आणि वेगळी भाकरी थापू लागल्या. नीलम्मा धुराने डोळे पुसत म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या चुलीनं माझं लिंबाचं झाड वाळंल."

"मग नातवाला लौकर या म्हणा."

नातू नव्हे, नात झाली. त्या दिवशी नीलम्मांनी गंजभर आमटी केली आणि गुणाबाईंना पहिल्यांदा शेजारी बसवून वाढली. बाळ-बाळंतीण आत झोपली होती. अडसर घालायचे कुणाच्या लक्षात राहिले नाही आणि पुढचे दार दुपारभर उघडे राहिले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्या कोनाड्यापर्यंत गल्लीचा आवाज आला.

मित्रांनो, आता माझ्यात रिठे कुणी भरत नाही. कोळी राहतो, आणि आम्ही दोघे फार बोलत नाही. तुम्ही माझ्यासारखे पाणी घरी करून बघा, सोपे आहे. भांड्याची कल्हई तेवढी जपा. पण त्याहून एक गोष्ट सांभाळा. घरातली कुणी लख्ख झालेले भांडेसुद्धा घासतच बसली असेल, तर भांड्याचे कौतुक करून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि तिला विचारा, बाई, तुला जायचंय तरी कुठं?