हलक्या कामाची गाडी

मित्रांनो, मला चार चाके आहेत, पण आजवर मी स्वतःहून वीतभरही पुढे गेलेले नाही. मला नेहमी कुणीतरी ढकलले. एका रुग्णालयाच्या तळघरात कपडे धुण्याचा विभाग आहे. तिथली ओल्या कपड्यांची गाडी म्हणजे मी. आता जुनी झाले आहे. माझा एक कोपरा चेपला आहे आणि मागचे डावे चाक कुरकुरते. तरी मी रोज कामावर असते, आणि हे मी मान वर करून सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या शेजारी औषधांची गाडी तयार होत होती. तिला चकचकीत खण बसवले. माझ्या तळाला मात्र पाणी गळायला भोके पाडली. ती वरच्या मजल्यावर गेली, मी तळघरात आले. सुरुवातीला मला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

माझे काम सांगायला सोपे आहे. धुलाईच्या यंत्रातून निघालेले ओले कपडे सुकवण्याच्या खोलीत न्यायचे. मधे एक चढ आहे. तो लांब नाही, पण त्याच्या शेवटी दार आहे आणि तिथेच वळायचे असते. चढावर थांबलात तर मी मागे येते. एक कोरडी चादर तुम्ही काखेत मारून पळाल. पण माझ्यात काठोकाठ ओल्या चादरी भरल्या की चांगला धट्टाकट्टा माणूसही आधी पाय रोवतो, मग हात लावतो.

मला ढकलणाऱ्या बाईंना सगळ्याजणी वहिनी म्हणत, कारण त्यांचा नवरा शेजारच्याच खोलीत बॉयलरवर होता. तो सगळ्यांचा भाऊजी. वहिनींची एक रीत होती. चढ आला की श्वास घ्यायचा, कंबर माझ्या कडेला लावायची आणि दारापर्यंत तो श्वास सोडायचा नाही. बाकीच्या बायका ही रीत त्यांच्याकडूनच शिकल्या. संध्याकाळी त्यांची मनगटे सुजत. घरी भाऊजी तेल चोळून देत.

रुग्णालयात प्रत्येक कामाची एक श्रेणी होती. जड काम आणि हलके काम. पगार त्यावर ठरत असे. बॉयलरचे काम जड होते, कारण पूर्वी तिथे फावड्याने कोळसा टाकावा लागे. कोळसा केव्हाच गेला, गॅस आला, पण श्रेणी राहिली. धुलाईचे काम हलके होते. ते कुणी ठरवले, कधी ठरवले, कुणालाच माहीत नव्हते. कपडे तर बायका घरीही धुतात, असे कुणाला तरी वाटले असणार.

एकदा चहाच्या वेळी भाऊजी आले आणि बाकावर टेकत म्हणाले, "आज फार दमलो बुवा."

"दमणारच," वहिनी म्हणाल्या. "काटा बघून बघून मान अवघडली असेल."

बायका खो खो हसल्या.

"अगं, जबाबदारी असते ती. काटा लाल रेषेपुढे गेला तर तुम्ही चादरींसकट उडाल."

"म्हणून तर तुमचा पगार कमी करा असं मी म्हणत नाही. आमच्याही कामाला जड म्हणा, एवढंच."

"चादरीच तर ढकलता!"

"मग ढकला की. अहो, ही समोरच उभी आहे."

भाऊजींनी बाह्या सरसावल्या. सपाट जमिनीवर ते शीळ घालत निघाले. चढाच्या मध्यावर शीळ थांबली. मग ते थांबले. मग मी मागे निघाले आणि मला आवरता आवरता त्यांनी मला भिंतीवर आदळले. माझा कोपरा तेव्हा चेपला. इस्त्रीवाली मावशी हसून हसून खालीच बसली. भाऊजी घाम पुसत एवढेच म्हणाले, "हे कागदावर यायला पाहिजे."

आणि बायकांनी तशी मागणी केली. श्रेणी तपासायला एक साहेब येणार असे ठरले.

मित्रांनो, पुढे जे झाले ते फक्त याच बायका करू शकतात. साहेब येणार म्हणून त्या पहाटेच आल्या. ओल्या कपड्यांचा सगळा ढीग त्यांनी साहेब येण्याआधीच वर नेऊन टाकला. फरशी पुसून कोरडी केली. माझ्या चाकांना तेल दिले. साहेब आले तेव्हा माझ्यात घडी घातलेले कोरडे टॉवेल होते आणि वहिनी मला एका हाताने ढकलत होत्या. साहेबांनी चहा घेतला, स्वच्छतेचे कौतुक केले आणि श्रेणी हलकीच ठेवली.

निकालाचा कागद हातोहात फिरला. मग मावशी म्हणाली, "पाहुणा येणार म्हणून घर आवरलं, आणि आपलं काम आपणच लपवून ठेवलं गं!"

"परत अर्ज करू," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वेळी पसारा दाखवायचा."

पुढची तपासणी व्हायच्या आत वहिनी आजारी पडल्या. वरच्या मजल्यावर, आमच्याच विभागातून गेलेल्या चादरीवर त्या झोपून होत्या. भाऊजी खाली येऊन बायकांना सांगत, "आज चादरीची कड चाचपून म्हणाली, मावशीच्या हातची इस्त्री आहे." एके दिवशी ते आले आणि एवढेच म्हणाले, "गेली." बायकांनी यंत्रे बंद केली. तळघर एवढे शांत मी कधी ऐकले नव्हते.

तेच साहेब पुन्हा येणार होते. त्या सकाळी मावशीने सवयीने फडके उचलले. भाऊजी दारात उभे राहिले.

"राहू द्या, मावशी. फरशी ओलीच राहू द्या. कुणाला आवरू देऊ नका, असं तिने मला बजावलंय."

"भाऊजी, साहेब घसरतील."

"तुम्ही रोज घसरता, तेव्हा कोण पुसायला येतं?"

मावशीने फडके खाली ठेवले. मला काठोकाठ भरले. साहेबांसमोर मावशीने श्वास घेतला, कंबर लावली आणि आम्ही निघालो. मध्यावर तिचा पाय सरकला. दुसरीने धावत येऊन खांदा दिला. आणि मग साहेबांनी, कुणी न सांगता, स्वतःचा हात लावला. दारापर्यंत त्यांनी तो काढला नाही. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"रोज असंच असतं?" त्यांनी धापा टाकत विचारले.

"नाही हो," मावशी म्हणाली. "सोमवारी जास्त असतं."

साहेब भाऊजींकडे वळले. "तुमचं काम जड श्रेणीत आहे ना?"

बॉयलरवरचे बाकीचे लोक कान टवकारून होते. आपली श्रेणी जाईल अशी त्यांना भीती होती.

"आहे," भाऊजी म्हणाले. "माझं काम जोखमीचं आहे. त्याचा पगार मी घेतो आणि घेणार. पण घाम यांना जास्त येतो. माझी बायको इथेच होती, म्हणून मला माहीत आहे."

श्रेणी बदलली. फलकावर कागद लागला तेव्हा बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भाऊजींनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि बॉयलरकडे परत गेले. काटा सोडून फार वेळ राहता येत नाही.

मित्रांनो, माझ्या चाकांना अधूनमधून तेल देत जा, एवढे तुमच्याकडे मागते. आणि कुणी एखादे काम सहज करताना दिसले, तर ते सोपे आहे असे समजू नका. जवळ जा आणि दुसऱ्या बाजूने हात लावून बघा.

आता मला ढकलणाऱ्या बायका नव्या आहेत. त्यांनी वहिनींना पाहिलेले नाही. परवा चढ चढताना एक दुसरीला म्हणाली, "जड काम आहे बाई हे. म्हणून तर पगार बरा आहे." अगदी सहज म्हणाली, जणू हे पहिल्यापासून असेच होते. मग तिने श्वास घेतला, कंबर माझ्या कडेला लावली आणि दारापर्यंत तो श्वास सोडला नाही.