दुधाची दाढ

सकाळी साडेआठला सिस्टरने दंतविभागाचे कुलूप काढले, खिडक्या उघडल्या, आरसे आणि चिमटे उकळत ठेवले आणि डॉक्टरांच्या टेबलावर वयाच्या दाखल्याचे बारा कोरे फॉर्म मांडले. पावणेनऊला डॉक्टर आले. खुर्चीत न बसताच त्यांनी बाराही फॉर्मांवर सह्या ठोकल्या. ज्यांचे वय ठरायचे ती माणसे अजून रुग्णालयाच्या फाटकातही शिरली नव्हती. पण दुसऱ्याच्या तोंडात डोकावण्याची डॉक्टरांची सवय कधीच सुटली होती.

"आज बालहक्क परिषद," आरशात टाय सारखा करत ते म्हणाले. "अध्यक्ष मीच. भाषणात 'कोवळे कोंब' ठेवू की 'उमलत्या कळ्या'?"

"दोन्ही ठेवा. ऐकणाऱ्यांना काय फरक पडतो?"

टोमणा त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. टोमणा कळायलाही आधी ऐकावे लागते.

ते गेले आणि हवालदार एका उंच मुलीला घेऊन आला. बड्या घरची मोलकरीण. बाईंच्या अंगठीच्या चोरीचा आळ तिच्यावर होता.

"सिस्टर, अठरा पूर्ण लिहा. हिच्या मालक साहेबांचं डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालंय."

"आणि नसली अठराची तर?"

"मग केस मुलांच्या कोर्टात जाते, आणि एवढीशी पोर कामाला ठेवली म्हणून साहेबच गोत्यात येतात. अठरा लिहिलं की सरळ तुरुंग, कटकट मिटली. उंची बघा की हिची!"

"उंचीवरून वय ठरत असेल, तर तुमचं बारसं अजून व्हायचंय, हवालदार. बाहेर बसा."

बुटका हवालदार हसत बाहेर गेला. निर्लज्ज माणसाला हसण्याची फार सोय असते.

बावीस वर्षे सिस्टरने सांगतील ते आकडे लिहिले होते, तेही सुवाच्य अक्षरात. डॉक्टरांची तिला किळस येई. स्वतःच्या त्या वळणदार अक्षराकडे मात्र तिने त्या नजरेने कधी पाहिले नव्हते.

"आ कर."

मुलगी जिभेने काहीतरी ढकलत होती. वर उजवीकडे दुधाची दाढ डुगडुगत होती. मागच्या दाढा अजून फुटायच्या होत्या.

"कधीपासून हलतेय गं?"

"अंगठी हरवली त्याच्या आदल्या दिवसापासून. ताई, ही पडली तर मारतील का?"

"कोण मारील?"

"माहीत नाही. सगळ्यालाच मारतात."

सिस्टरने सही असलेला पहिला फॉर्म ओढला. वयाच्या रकान्यात 'बारा ते तेरा' लिहिले आणि दातांच्या आकृतीत त्या दाढेभोवती गोल काढला. डॉक्टरांच्या सहीखाली तिने एक ओळ जोडली: 'प्रत्यक्ष तपासणी मी केली.' त्याखाली स्वतःचे पूर्ण नाव आणि हुद्दा. मग पाकीट चिकटवले.

"ढकलू नकोस हं ती," ती मुलीला हळूच म्हणाली. "न्यायाधीशांना दाखवायचीय. तोवर जीभ लावायची नाही."

मुलीने ओठ घट्ट मिटून मान डोलावली.

"अठराच ना?" पाकीट खिशात घालत हवालदाराने विचारले.

"सगळं आत लिहिलंय."

ती दोघे गेल्यावर सिस्टरने सह्या केलेले उरलेले अकरा फॉर्म उभे फाडून टोपलीत टाकले. टेबलावर नवे बारा मांडले, बिनसहीचे. आणि वर, वजन म्हणून, तोंडात घालून बघायचा छोटा आरसा ठेवला.