सनोबरच्या वाट्याची घंटी

टिंग! बसा, बसा, जेवण नाही वाढलंय. मी घंटी बोलतेय. पितळेची, तळहातात मावणारी, डोक्यावर बोट दाबलं की वाजणारी. अंगाने लहान असले तरी एकदा एका मोठ्या माणसाला मी भर सभेत थांबवलं. कसं, ते ऐकाच!

माझं बालपण मला आठवत नाही. कळायला लागलं ते मालवणात, वजीराबीच्या खानावळीत. सुरमई तव्यावरून ताटात उतरली की वजीराबी मला दाबायची आणि गिऱ्हाईकं बोलणं अर्धं टाकून हात धुवायला उठायची. राजकारण असो की सोयरीक, माझ्यापुढे सगळं थांबायचं. मला त्याचा भारी गर्व होता.

वजीराबीची लेक सनोबर संशोधन करते. रापण, म्हणजे गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की किनाऱ्यावर माशांचे वाटे कसे मांडतात, यावर तिचा निबंध. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून ती तो रोज वाचायची आणि बरोबर पंधरा मिनिटांनी मला दाबायची. अर्धा निबंध मला पाठ आहे!

कॉलेजात परिसंवाद ठरला. सनोबरच्या सत्राची अध्यक्ष होती अक्षया मॅडम, आयुष्यात पहिल्यांदाच. "वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली की वक्ते ती वाचून खिशात घालतात," म्हणत ती मला मागायला आली.

"ने गो, पण सांभाळ," वजीराबी म्हणाली. "माझो सगळो कारभार तिच्यार चलता." परिसंवादाचं जेवणही वजीराबीकडेच होतं.

सभागृह एकच्या ठोक्याला सोडायचं होतं. साडेबाराला सत्यवान सर उभे राहिले. अक्षयाने पीएच.डी. केली ती यांच्याच हाताखाली. पावणेएक वाजले तरी सर प्रस्तावनेतच! शेवटचा नंबर सनोबरचा. ती दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मागच्या दारात वजीराबी हात पुसत लेकीचं ऐकायला येऊन उभी होती.

अक्षयाचं बोट माझ्यावर आलं. गुरूला गप्प कसं करायचं? तिने मला इतकं हळू दाबलं की माझ्या तोंडून जेमतेम हुंकार निघाला.

सर खानावळीतले रोजचे जेवणारे. त्यांनी दाराकडे बघून हात केला. "वजीराबी, इतक्यात वाढू नकात हां! दोनच मुद्दे रवले." सगळे हसले आणि सर पुन्हा सुरू झाले. मी शरमेने अर्धी झाले. माझ्या जुन्या ओळखीनेच घात केला होता.

एकाला अकरा मिनिटं कमी. अक्षया ताडकन उठली. टिंग! टिंग! एवढा आवाज माझ्यात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं!

"सर, ही घंटी जेवणाची नाय," ती म्हणाली आणि तिची सभेतली मराठी कुठल्या कुठे गेली. "हो सनोबरचो वाटो आसा. दुसऱ्याच्या वाट्यात हात घालतत काय?"

सर गोरेमोरे झाले. मग त्यांनी कागद गोळा केले. "चुकलंच माझं," म्हणत खाली उतरले आणि पहिल्या रांगेत वही उघडून बसले.

सनोबरने चार पानं बाजूला ठेवली आणि आईकडे बघत बोलू लागली. वाटे मांडणाऱ्याने स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा, हा किनाऱ्याचा रिवाज तिने असा काही सांगितला की मी वाजायचंच विसरले असते. पण वेळच आली नाही. एकाला दोन मिनिटं असताना ती थांबली, आणि टाळ्या! माझं पितळ थरथरलं हो!

सरांनी हात वर केला. "अध्यक्षबाई, एक प्रश्न विचारू? मिनिटभरच."

"एकच मिनिट, सर," अक्षया हसली, पण बोट तिने माझ्यावरून काढलं नाही.

आता मी पुन्हा खानावळीत आहे. डोक्यावर पोचा आहे, कडेला हळदीचा डाग आहे. दर परिसंवादाला मात्र मला सन्मानाने नेतात. तुम्हीही कधी माइकसमोर उभे राहाल. तेव्हा एवढंच करा, माझी वाट बघू नका. तुमच्यानंतरचं कुणीतरी दुपट्ट्याचं टोक गुंडाळत बसलेलं असतं.

बरं, सुरमई उतरली. वजीराबीचं बोट आलंच. माझा वाटा संपला.

टिंग!